किंमत ठरवण्याचा हक्क

बाबा,

तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुठे मी जरा मऊ झाले तर तुम्ही त्याचा भलता अर्थ काढायला नको. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या खोलीत आईचा वॉकर आणि व्यायामाची खुर्ची असते, गुडगावचं गुरुग्राम झालंय आणि बाल्कनीतून अरवलीची जी निळसर रेघ दिसायची तिच्यासमोर टॉवर उभे राहिलेत. परवा दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या एका संस्थेतून फोन आला. जुन्या दिल्लीकर मराठी माणसांवर ते स्मरणिका काढतायत आणि तुमच्यावर मी दोन पानं लिहावीत असं त्यांना वाटतं. फोनवरचे गृहस्थ फार अगत्याने बोलत होते. म्हणाले, "शीर्षक आम्हीच सुचवतो मॅडम. 'पुस्तकं मुक्त करणारा माणूस.' कसं वाटतं?" मी म्हटलं, छान आहे. मग रविवारी सकाळी लिहायला बसले आणि त्या दोन पानांच्या जागी हे सुरू झालं.

आर. के. पुरमच्या क्वार्टरपासून सुरुवात करते, कारण तिथे तुम्ही मला पूर्ण आवडत होता. जिन्यात खालच्या तमिळ घरातल्या रस्समचा आणि वरच्या बंगाल्यांच्या मोहरीच्या तेलाचा वास एकत्र असायचा, आणि तुम्ही ऑफिसची बस सोडून चालत यायचात तेव्हा काखेत नेहमी एखादं पुस्तक असायचं. मिनिस्ट्रीत तुम्ही फाइलींवर काय लिहायचात मला कधी कळलं नाही, पण घरी आल्यावर तुम्ही मला वाचून दाखवायचात, आणि एखादा मराठी शब्द मला येत नसला की तुमचा चेहरा असा खुलायचा, जशी काही मी तुम्हाला भेटच दिलीय. त्या वर्षांत सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता. कोण नोकरी सोडून परदेशी कंपनीत गेला, कोणी गाडी घेतली, कोणाच्या मुलाला किती पगार. तुम्ही त्यावर हसायचात. म्हणून त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आईला सांगितलंत की व्हीआरएसचा अर्ज मंजूर झाला, तेव्हा आईला वाटलं की तुम्ही थट्टा करताय.

"आणि क्वार्टर?" आई म्हणाली. ती वांगी चिरत होती.

"सोडायचं. गुडगावला फ्लॅट बघून ठेवलाय."

"गुडगावला काय आहे?"

"काहीच नाही. म्हणून तर परवडतोय."

आईने उरलेली वांगी चिरली, पाण्यात टाकली आणि मग म्हणाली, "मुलांची पुस्तकं छापणार म्हणे. आपल्याकडे एक मूल आहे, तिला तरी विचारलंत का?" तुम्ही मला विचारलं नव्हतं. पण मी खूश होते. मला वाटलं होतं की आता तुम्ही दिवसभर घरी असाल.

गुडगावला खरंच काही नव्हतं. आपल्या सोसायटीच्या भिंतीपलीकडे सरसोंची शेतं होती, त्यांत चुन्याने आखलेले प्लॉट, आणि रस्त्याच्या कडेला छत्र्या लावून बसलेले प्रॉपर्टी डीलर. पाण्याचा टँकर आला की सगळ्या मजल्यांवरून बादल्या उतरायच्या. पुढच्या खोलीत तुम्ही प्रकाशन थाटलंत, आणि पहिली लेखिका मिळाली ती आपल्या जुन्या क्वार्टरच्या शेजारच्या ब्लॉकमधली. मावशी. तुम्ही त्यांना ताई म्हणायचात, त्या तुम्हाला भाऊ. मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरातल्या, नवरा रेल्वे बोर्डात, स्वतः सरकारी शाळेत चित्रकला शिकवायच्या. त्या दर रविवारी बसने आपल्याकडे यायच्या, भिंतीपलीकडे हिंडायच्या आणि चित्रं काढायच्या. त्यातून ती मालिका झाली. नव्या वस्तीत राहायला आलेली एक मुलगी, आणि प्रत्येक पुस्तकात तिला भेटणारा एक प्राणी, जो तिच्या आधीपासून तिथे राहतोय. चुन्याच्या रेषेवर अंडी घालणारी टिटवी. हायवेच्या दुभाजकात अडकलेली नीलगाय. बेसमेंटसाठी खणलेल्या खड्ड्यातले बेडूक. अर्धवट राहिलेल्या मॉलमधलं घुबड. तुम्ही ती हिंदीत आणि इंग्रजीत काढलीत, आणि दिल्लीतल्या मराठी घरांसाठी थोड्या प्रती मराठीत. मराठी प्रती कधीच संपल्या नाहीत, पण त्या काढताना तुम्ही गुणगुणत असायचात.

त्या पुस्तकांबद्दल तुम्ही माझ्यावर पहिल्यांदा रागावलात ती जत्रा मला आठवते. दिल्लीचा पुस्तक मेळा, आपला कोपऱ्यातला छोटा स्टॉल, मी कॉलेजात. एक बाई आल्या, बोटात गाडीची किल्ली फिरवत होत्या. टिटवीचं पुस्तक चाळलं आणि म्हणाल्या, "थोड़ा कम करो यार, बच्चों की किताब है।" मी कमी करून दिलं. त्या गेल्यावर तुम्ही मला स्टॉलच्या मागे नेलंत. आवाज चढवला नाहीत. "छापलेली किंमत म्हणजे आपण दिलेला शब्द असतो," तुम्ही म्हणालात. "ताईंनी उन्हात बसून ते चित्र काढलंय. ते स्वस्त करायचा अधिकार तुला कुणी दिला?" मला रडू आलं होतं. पण ते माझ्या इतकं आत गेलं की पुढे मी हाच धंदा शिकायचं ठरवलं त्याचं कारण कोणी विचारलं तर मी तो मेळा सांगते. त्या दिवशी तुम्ही जे म्हणालात त्यावर मी विश्वास ठेवला, बाबा. तुम्ही स्वतः तो किती दिवस ठेवणार आहात, हे मला कुठे ठाऊक होतं?

शिक्षण झालं, एका मोठ्या प्रकाशनाच्या विक्री विभागात काम केलं, आणि तुमची तब्येत कुरकुरायला लागली तेव्हा मी परत येऊन तुमच्या शेजारच्या टेबलावर बसले. तोपर्यंत भिंतीपलीकडची शेतं गेली होती आणि मेट्रो आली होती. शाळांचे प्रिन्सिपल विचारायला लागले होते की तुमची पुस्तकं डिजिटल आहेत का. मी ई-बुक करायची म्हटलं तर तुम्ही वर्षभर ऐकायला तयार नव्हतात. "ज्याला वजन नाही त्याला किंमत कोण देणार?" असं विचारायचात, आणि प्रश्न बरोबरच होता. त्या वेळी सगळेच अंधारात चाचपडत होते. कोणी भीतीने ई-बुकची किंमत छापील पुस्तकाइतकीच ठेवायचे, मग ते कोणी घ्यायचं नाही. कोणी चहाच्या किमतीला विकून टाकायचे, मग दुकानदार छापील पुस्तक ठेवायला नाही म्हणायचा, कारण गिऱ्हाईक त्याला फोनवर स्वस्तातलं दाखवायचं. मी माझ्यापरीने मधला रस्ता काढला. कागद, बांधणी, गाडीभाडं आणि दुकानाचा वाटा एवढं किमतीतून वजा केलं, मावशींच्या वाट्याला हात लावला नाही. आणि शाळांसाठी वेगळी सोय केली. शाळेने वर्षाची फी भरायची, आणि वर्षभर एका वेळी एका वर्गातली मुलं कॉम्प्युटर लॅबमध्ये ती पुस्तकं उघडू शकतील. वर्ष संपलं की पुन्हा भरायची. मी एकेका शाळेत जाऊन, प्रिन्सिपलच्या खोलीबाहेर बसून, हे समजावून सांगितलं. द्वारका, नोएडा, मानेसरच्या कारखान्यांजवळची एक नवी शाळासुद्धा. हळूहळू जमत होतं. मावशींना पहिल्या वर्षाचे पैसे मिळाले तेव्हा त्यांनी नवे रंग घेतले आणि कोल्ह्याच्या पुस्तकाची रेखाटनं सुरू केली. ते मालिकेतलं शेवटचं असणार होतं.

मग तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. बरं झाल्यावरही तुम्हाला बारीक अक्षर त्रास द्यायचं, म्हणून मी तुम्हाला ई-बुक वाचायचं यंत्र भेट दिलं. तुम्ही ते प्रथम एखादी तक्रार हातात घ्यावी तसं घेतलंत. आणि त्या हिवाळ्यात, रजई अंगावर घेऊन, अक्षर मोठं करत करत, तुम्ही इतकं वाचलंत की आई जेवायला हाका मारून थकायची. एक दिवस तुम्ही मला बोलावून म्हणालात, "अगं, हे कुलूप नसलेलं कपाट आहे." तुमच्या लहानपणीच्या गावातली शाळा मला माहीत होती. काचेचं कपाट, आत पुस्तकं, किल्ली हेडमास्तरांच्या खिशात, आणि तुम्ही काचेतून फक्त नावं वाचायचात. ते मी किती वेळा ऐकलं होतं. त्या दिवशी तुमचे डोळे ओले होते आणि मलाही भरून आलं. तिथवर मी तुमच्याबरोबर आहे, बाबा. तुम्हाला ते कपाट सगळ्यांसाठी उघडायचं होतं, हे मी कधी नाकारलं नाही. पण त्या कपाटातली पुस्तकं एकट्या तुमची नव्हती.

तो तरुण कुठल्याशा संमेलनात तुम्हाला भेटला. एका नव्या कंपनीचा होता. मुलांसाठी अॅप, महिन्याला थोडीशी फी, त्यात हवी तेवढी पुस्तकं. सरकारी शाळांना फुकट. घरी आला तेव्हा तुमच्या पाया पडला, आईच्या पाया पडला, बूट काढून मांडी घालून बसला. मी स्वयंपाकघरात चहा करत होते आणि तुमचं हसणं मला ऐकू येत होतं, जसं मी क्वार्टर सोडल्यापासून ऐकलं नव्हतं. तो म्हणत होता, "सर, आप सोचिए। झारखंड के गाँव का बच्चा आपकी टिटहरी देखेगा। आज के आज।" तुम्ही म्हणालात, "बिल्कुल, बिल्कुल।" मी चहा घेऊन बाहेर आले. त्याने पुढे केलेला करार तुमच्यासमोर होता. मी उभ्याउभ्याच वाचला. सगळी पुस्तकं, सगळ्या भाषा, इतर कुणालाही डिजिटल द्यायचं नाही, मुदत नाही, आणि किंमत ठरवण्याचा हक्क पूर्णपणे कंपनीचा. मी त्याला हिंदीत विचारलं, की लेखिकेला काय मिळणार? तो म्हणाला, जितकी पानं वाचली जातील त्या प्रमाणात. मी म्हटलं, फुकट वाचलेल्या पानाचं प्रमाण किती? आणि ज्या शाळांनी आमच्याकडे या वर्षाची फी भरलीय त्यांना मी काय सांगू? तो तुमच्याकडे बघून हसला. उद्धट नव्हता, नुसता हसला.

आणि तुम्ही म्हणालात, "अरे, इसकी छोड़ो। ये दुकानदार है। इसे बस दाम दिखता है।"

बाबा, तुम्ही मराठीत रागावला असतात तर ते घरातलं झालं असतं. मी आत जाऊन भांडी आपटली असती आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मला चहा करून दिला असतात. आपल्या घरात हिंदी दाराबाहेर बोलायची भाषा होती. दूधवाल्याशी, गार्डशी, डीलरशी. तुम्ही मला हिंदीत मोडीत काढलंत, त्याला कळावं म्हणून. त्या एका वाक्याने मी घराबाहेरची झाले आणि तो घरातला. मी कप तुम्हा दोघांसमोर ठेवले. तुम्ही सही केलीत. मावशींना विचारलं नाहीत. जुन्या करारात त्यांनी तुम्हाला सगळे हक्क दिले होते, कारण त्यांना वाटायचं की भाऊंकडे ते सुरक्षित आहेत.

पुढे जे झालं ते तुम्ही पाहिलं नाहीत, कारण ते फोनवर झालं आणि फोन माझा होता. कंपनीने महिन्याची फी काढून अॅपवर पुस्तकं सगळ्यांनाच फुकट केल्यावर पहिला फोन नोएडाच्या प्रिन्सिपल बाईंचा आला. "मैडम, आपने हमसे फ़ीस ली और वही चीज़ पूरी दुनिया को मुफ़्त में दे दी? हमें बेवकूफ़ समझा?" मी माफी मागितली. मग पुढची शाळा. मग त्याच्या पुढची. ज्यांना मी प्रिन्सिपलच्या खोलीबाहेर बसून मिळवलं होतं त्या सगळ्यांची मी एकेक करून माफी मागितली, आणि त्या वेळी तुम्ही आतल्या खोलीत यंत्रावर वाचत होतात. दुकानांनी छापील प्रती परत पाठवल्या. आपलं गोदाम मानेसरला होतं, गाडीच्या सीट बनवणाऱ्या कारखान्याच्या मागे. मी तिथे गेले तेव्हा परत आलेले गठ्ठे दारापर्यंत लागले होते आणि एकाची सुतळी तुटून टिटवीची पुस्तकं ओल्या फरशीवर पसरली होती. मी ती उचलून पुसत बसले. गोदामवाला म्हणाला, "दीदी, रद्दी वाले को बुला दूँ?" मी नाही म्हटलं. काही महिन्यांनी हो म्हटलं.

मावशी घरी आल्या त्या दिवशी पाऊस नव्हता, धुरकं होतं, आणि त्यांना खोकला होता. तुम्ही त्यांना अॅप दाखवलंत, त्यावर किती मुलांनी घुबड उघडलं ते दाखवलंत. "ताई, बघा. एवढी मुलं! आपल्या आयुष्यात आपण एवढ्यांपर्यंत पोचलो असतो का?"

त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "नाही पोचलो असतो. बरं वाटतं बघून, भाऊ. पण पुढचं पुस्तक मी कशाच्या जोरावर काढू?"

"काढाल हो. कलावंताला कोण थांबवतं?"

मावशी माझ्याकडे बघून थोडं हसल्या. त्या वर्षी त्यांचे यजमान रिटायर झाले होते आणि क्वार्टर सोडायचं होतं. पुस्तकांतून जे येत होतं त्यावर त्यांनी दिल्लीत राहायचं ठरवलं होतं, भिंतीपलीकडचं जे थोडं उरलं होतं त्याच्या जवळपास. ते आता येणार नव्हतं. नाताळनंतर त्या नगरला भावाकडे निघून गेल्या. जाताना त्यांनी नेहमीसारखा केक पाठवला आणि तुम्ही तो आवडीने खाल्लात. कोल्हा कधी झालाच नाही. मी एकदा फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "इथे कोल्हे खूप आहेत गं. पण ती मुलगी इथली नाही ना."

तुमचा तो तरुण काही दिवस फोन घ्यायचा, मग मेसेजला उत्तर द्यायचा, मग तेही नाही. त्याची कंपनी एका मोठ्या कंपनीने घेतली. ज्यांना मुलांच्या पुस्तकांशी घेणंदेणं नव्हतं, त्यांना मुलं हवी होती, इंग्रजीचे क्लास विकायला. मराठी पुस्तकं कोणी उघडत नाही म्हणून काढली. हिंदीचा मजकूर यंत्राच्या आवाजात वाचला जाऊ लागला. मावशींचं नाव मुखपृष्ठावरून गेलं, कारण नव्या चौकटीत ते बसत नव्हतं. हे तुम्ही स्वतः पाहिलंत, आणि दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून म्हणालात, "मला त्यांच्या ऑफिसात सोड." मी सोडलं. काचेचा टॉवर, गेटवर गार्ड, "किससे मिलना है?" तुम्ही नाव सांगितलंत. आत फोन झाला. तो माणूस तिथे आता काम करत नव्हता. तरी तुम्ही म्हणालात की मी बसतो, दुसरं कोणी असेल. तुमच्या शर्टावर व्हिजिटरचा स्टिकर लावला आणि तुम्हाला लॉबीत बसवलं. मी बाहेर पार्किंगमधून काचेतून बघत होते. तुम्ही सोफ्याच्या कडेवर बसला होतात, मांडीवर टिटवीचं छापील पुस्तक. बऱ्याच वेळाने एक मुलगी आली, तिने पाण्याची बाटली दिली, तुम्ही तिला पुस्तक उघडून दाखवायला लागलात. तिने दोन पानं पाहिली, मान हलवली आणि लिफ्टकडे गेली. तुम्ही आणखी थांबलात. मग बाहेर आलात.

गाडीत बसल्यावर मी इंजिन चालू केलं नाही. मी वाट बघत होते. मला मोठी माफी नको होती. "तुझं बरोबर होतं" एवढं चाललं असतं. "चुकलो" चाललं असतं. मला हिंदीतसुद्धा चाललं असतं.

तुम्ही म्हणालात, "ऑफिस छान आहे. झाडं खरी आहेत, प्लास्टिकची नाहीत."

आणि मी गाडी चालू केल्यावर एसी बंद करायला सांगितलंत. घरापर्यंत तो स्टिकर तुमच्या शर्टावर होता. आईने काढला.

पुढच्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. हवा अशी होती की शाळा बंद होत्या. शोकसभेत सभागृह भरलं होतं, आणि एकेक जण उठून सांगत होता की त्यांनी पुस्तकांकडे धंदा म्हणून कधी पाहिलं नाही, त्यांनी आपली पुस्तकं देशातल्या मुलांना देऊन टाकली. मी पहिल्या रांगेत आईचा हात धरून बसले होते. जे तुम्ही देऊन टाकलंत ते कोणाचं होतं, हे उठून सांगावं असं मला वाटलं, पण आईने हात घट्ट धरला होता. तो तरुणही आला होता. मागे उभा होता आणि रडत होता, खरंखुरं, रुमाल भिजेपर्यंत. मला त्याचा तिरस्कार करायचा होता आणि तो इतका रडत होता की ते नीट जमेना. नंतर तो घरी आला तेव्हा आईने त्याला जेवायला वाढलं. मी भडकले तर ती म्हणाली, "त्यांना आवडायचा गं तो." काही वर्षांनी मी तिला विचारलं की बाबा तुझ्यापाशी तरी कधी काही बोलले का. ती म्हणाली, "एकदा म्हणाले, तिला सांग. मी म्हटलं, काय सांगू? तर म्हणाले, राहू दे, तिला सगळं कळतं." हे ऐकून मला बरं वाटेल असं तिला वाटलं असावं. मला त्या दिवशी तुमचा सगळ्यात जास्त राग आला. कळणं हे माझं काम आणि गप्प राहणं तुमचं, हे कधी ठरलं होतं?

प्रकाशन मी बंद केलं. आता मी एका मोठ्या कंपनीत आहे, ई-बुकच्या किमती ठरवते. सायबर सिटीत उंचावर बसते. सणासुदीला किमती खाली, सुट्टी संपली की वर, कोणतं पुस्तक महिनाभर फुकट ठेवायचं, कोणतं फक्त आमच्याकडेच. पाटण्याचा, नागपूरचा एखादा छोटा प्रकाशक फोन करतो, "मॅडम, एवढं कमी करू नका हो, आमचा लेखक म्हातारा आहे." मी त्याला समजावते की दाम बाजार ठरवतो. खरं तर बहुतेक वेळा मीच ठरवते. मला ते चांगलं जमतं, आणि नेमकी किंमत लागून एखादं पडून राहिलेलं पुस्तक चालायला लागलं की मला आनंद होतो. करारात एखादं कलम सैल करता आलं तर करते. दरवेळी करता येत नाही.

हे मी आईला वाचून दाखवणार होते. तिला आता अक्षर दिसत नाही, संध्याकाळी मीच तिला वाचून दाखवते, आणि तुमच्याबद्दल कोणीतरी खरं बोललेलं तिने एकदा ऐकावं असं मला वाटत होतं. पण वाचणार नाही. स्मरणिकेला दोन पानं लिहून देईन, त्यांच्याच शीर्षकाखाली. हे तिला वाचून दाखवता येणार नाही, कारण मग एक गोष्ट सांगावी लागेल जी तिला माहीत नाही. प्रकाशन बंद केल्यावर मी किती ठिकाणी अर्ज केले, कुठूनही उत्तर आलं नाही. घरात आईची औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स. शेवटी एका दुपारी मीच त्याला फोन केला, तुमच्या त्या तरुणाला. त्याने माझा आवाज ओळखला. काही विचारलं नाही. म्हणाला, "दीदी, आप सीवी भेज दो, हो जाएगा।" आठवड्याभरात झालं. ही नोकरी त्याने लावून दिली, बाबा. मी त्याला पुन्हा फोन करून थँक यू म्हटलं, आणि मी ते मनापासून म्हटलं.